पंचनाम्यात न मावणारा पूर

१/
एप्रिल २०२२. गुरू मीन राशीत शिरला आणि प्राणहितेचा पुष्कर सुरू झाला. १३ ते २४ एप्रिल असे बारा दिवस सिरोंचाच्या घाटावर तेलंगणातून, विदर्भातून, छत्तीसगडमधून माणसे येत राहिली, बुडी मारून, दिवे सोडून परत गेली. बारा वर्षांनी येणारा हा योग. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच जुलैच्या मध्यास याच नदीचे पाणी सिरोंचा तालुक्यातील शेतांत, गोठ्यांत, घरांत शिरले. त्या पाण्याची पातळी, विसर्ग, बुडालेली हेक्टरे यांची नोंद सरकारदरबारी आहे. पाणी ओसरल्यानंतर माणसांच्या झोपेचे, रक्तदाबाचे, भुकेचे काय झाले याची नोंद शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. हा धागा त्या रिकाम्या रकान्याविषयी आहे.

२/
आधी भूगोल, कारण सिरोंचा नकाशावर चटकन सापडत नाही. गडचिरोली जिल्ह्याचे अगदी दक्षिणेचे टोक. जिल्ह्याचे मुख्यालय सुमारे दोनशे किलोमीटर दूर, मधे आलापल्लीचे जंगल. गावाच्या पश्चिमेस प्राणहिता. पलीकडच्या तीरावर तेलंगणातील काळेश्वरम, जेथे एकाच पीठावर दोन शिवलिंगे आहेत. तेथेच प्राणहिता गोदावरीस मिळते. आणखी खाली सोमनूरपाशी इंद्रावती येऊन मिळते. म्हणजे वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती अशा पाच नावांचे पाणी या एका तालुक्याच्या कडेने जाते. विदर्भात पाऊस झाला तरी पूर, मराठवाड्यात झाला तरी पूर, बस्तरात झाला तरी पूर. येथील माणसाला आपल्या आभाळाकडे पाहून पुराचा अंदाज बांधता येत नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल.

३/
सिरोंचा कायमच असे कोपऱ्यात पडलेले नव्हते. १८६० च्या तहाने निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके इंग्रजांकडे आले आणि ‘अप्पर गोदावरी’ नावाचा एक स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. त्याचे मुख्यालय सिरोंचा. १८७० च्या दशकात तो जिल्हा मोडला. खालचा भाग मद्रास इलाख्यात गेला, सिरोंचा चांदा जिल्ह्यातील एक तहसील होऊन राहिले. चांद्यातून गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये. शंभर-सव्वाशे वर्षांत गाव तेच राहिले, त्याचे कागद मात्र हैदराबाद, नागपूर, मद्रास, चंद्रपूर आणि गडचिरोली असे विखुरले. या भागाच्या इतिहासावर काम करू पाहणाऱ्याचे अर्धे आयुष्य दप्तरे शोधण्यातच जाते.

४/
या नदीला बांध घालण्याची कल्पनाही जुनीच. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात कालवे काढणाऱ्या आर्थर कॉटन यांनी ती थेट मध्य भारतातील कापसापर्यंत जलमार्ग म्हणून वापरण्याचे स्वप्न पाहिले. नदीत खडकांचे तीन अडसर होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. ते टाळण्यासाठी बांध, कालवे आणि झडपा बांधायला घेतल्या. तापाने मजुरांना आणि अधिकाऱ्यांना सारखेच हैराण केले, खर्च फुगत गेला आणि १८७१ मध्ये काम थांबवण्यात आले. इंचमपल्लीचे नाव पुढे शंभर वर्षांनी धरणाच्या रूपाने परत आले. १९८० च्या दशकात बाबा आमटे यांनी इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांना विरोध उभारला, तो याच पट्ट्यात.

५/
वसाहतकालीन दप्तर आपत्तीकडे कसे पाहते? महसुलाच्या डोळ्यांनी. पूर आला म्हणजे किती सारा सूट द्यायचा, दुष्काळ पडला म्हणजे किती मजूर कामावर घ्यायचे. दुष्काळ संहितांमध्ये एक मात्र विलक्षण नोंद असे. दुष्काळ जवळ आल्याच्या ज्या खुणा अधिकाऱ्यांनी टिपायच्या, त्यांत धान्याचे भाव आणि चोऱ्यांचे प्रमाण यांच्याबरोबर ‘भटकंती’ ही एक खूण होती. माणसे घर सोडून, ठरावीक ठिकाण न धरता चालू लागली की समजावे, परिस्थिती हाताबाहेर जाते आहे. मनाच्या अवस्थेची ही नोंदच होय. परंतु सरकारला ती हवी होती धोक्याची घंटा म्हणून. चालणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे विचारण्यासाठी नव्हे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांतात अशी भटकंती करणाऱ्यांचे आकडे आहेत. त्यांचे शब्द नाहीत.

६/
आता १९८६. ऑगस्टच्या मध्यास गोदावरीला जो पूर आला त्याची पातळी भद्राचलमला १६ ऑगस्ट रोजी ७५.६ फूट नोंदली गेली. तो उच्चांक आजतागायत मोडलेला नाही. भद्राचलम सिरोंचाच्या खालच्या अंगाला आहे. तेथे पोहोचलेले पाणी आधी येथून गेले होते. सिरोंचाच्या नदीकाठच्या गावांत साठी उलटलेल्यांसाठी हा पूर म्हणजे कालगणनेचे साधन आहे. अमक्याचे लग्न पुराच्या आधीचे, तमक्याचा मुलगा पुरानंतरचा. कोकणात जसे वादळ, मराठवाड्यात जसा १९७२ चा दुष्काळ.

७/
आणि २०२२. जुलैत भद्राचलमला १६ तारखेस ७१.३ फूट, म्हणजे १९८६ नंतरचा सर्वांत मोठा आकडा. सिरोंचाच्या खाली गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा आहे. त्याच्या ८५ दारांमधून त्या दिवसांत २८ लाख क्युसेकच्या वर पाणी गेले. पलीकडच्या तीरावरील कन्नेपल्लीचे पंपगृह बुडाले, त्याची छायाचित्रे देशभर पोहोचली. अलीकडच्या तीरावरील कापूस, मिरची आणि धान बुडाले, त्याची छायाचित्रे तालुक्याबाहेर फारशी गेली नाहीत.

८/
पाणी ओसरले की तलाठी येतो. पंचनामा होतो. हा शब्दच मोठा अर्थपूर्ण आहे: पाच जणांसमक्ष केलेली नोंद, साक्षीदार असलेले सत्य. पंचांना जे दिसते तेच त्यात येते. घर पूर्ण पडले की अंशतः, भिंत मातीची की विटेची, जनावर दुभते की ओढकाम करणारे, पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांच्या वर की खाली, जमीन खरडली की गाळाने भरली. हे सारे आवश्यक आहे, यात वाद नाही. ज्याची गाय वाहून गेली त्याला गायीचे पैसे मिळालेच पाहिजेत.

९/
पण या यादीत माणसाचे शरीर कोठे येते ते पाहावे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांनुसार मृत्यूस चार लाख रुपये. अवयव निकामी झाल्यास अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार रक्कम. गंभीर दुखापत होऊन एक आठवड्याहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागल्यास १६,००० रुपये, आठवड्याहून कमी असल्यास ५,४००. म्हणजे इजा मोजण्याचे माप आहे रुग्णालयातील मुक्काम. पुण्या-मुंबईत हे माप ठीक असेल. ज्या तालुक्यात पुराच्या दिवसांत रस्ते तुटतात आणि विशेषज्ञ डॉक्टर दोनशे किलोमीटरवर असतो, तेथे मनुष्य रुग्णालयात सात दिवस राहत नाही. तो घरीच पडून राहतो. मापच त्याला ओळखत नाही. मनाच्या दुखापतीसाठी तर कोणतेही माप ठेवलेले नाही.

१०/
शरीराचे एक उदाहरण घेऊ. गडचिरोलीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. थंडी, भिजणे, अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे आणि मानसिक ताण यांनी या आजारात तीव्र वेदनेचे झटके येतात. पुराची एक रात्र म्हणजे या पाचही गोष्टी एकत्र. छपरावर किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात ओल्या कपड्यांत काढलेल्या रात्रीनंतर चार दिवसांनी सांधे धरून पडलेले पोर ‘पूरग्रस्त’ मोजले जात नाही. ते नेहमीचे आजारी मोजले जाते. पुढे साचलेल्या पाण्यात डास होतात आणि हिवताप वाढतो. महाराष्ट्रातील हिवतापाचा सर्वाधिक भार वर्षानुवर्षे याच जिल्ह्यावर आहे. विहिरी दूषित होतात. बिळे बुडालेले साप उंचवट्यावर येतात, जेथे माणसेही आलेली असतात. रक्तदाबाच्या गोळ्या वाहून जातात आणि त्या पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात. यांपैकी कोणत्याही मृत्यूपुढे ‘पूर’ असे कारण लिहिले जात नाही.

११/
यावर कोणी म्हणेल, हे तर्क झाले, पुरावा काय? पुरावा आहे, पण दुसरीकडचा. जुलै १९६८ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात पूर आला. बेनेट नावाच्या संशोधकाने पाणी शिरलेली घरे आणि त्याच भागातील कोरडी राहिलेली घरे यांची वर्षभर तुलना केली आणि १९७० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी शिरलेल्या घरांतील माणसांच्या डॉक्टरकडील फेऱ्या निम्म्याहून अधिक वाढल्या, रुग्णालयात दाखल होणे दुपटीहून वाढले आणि वर्षभरातील मृत्यू सुमारे ५० टक्क्यांनी वाढले. ही माणसे बुडून मेलेली नव्हती. ती नंतर, आपापल्या घरी, नेहमीच्याच आजारांनी गेली. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजलिसजवळच्या नॉर्थरिज येथे पहाटे भूकंप झाला, त्या एका दिवशी हृदय बंद पडून अचानक झालेले मृत्यू रोजच्या सरासरी ४.६ वरून २४ वर गेले. भीतीने माणूस मरतो, हे आकड्यांत सिद्ध झालेले आहे.

१२/
मराठी भाषेला ते आकड्यांच्या फार आधीपासून ठाऊक होते. ‘त्याने हाय खाल्ली.’ खेड्यात आजही एखाद्याच्या मृत्यूचे कारण असे सांगितले जाते आणि ऐकणाऱ्याला ते पुरते. घर गेले, बैल गेला, त्याने हाय खाल्ली आणि सहा महिन्यांत गेला. ‘धसका घेणे’, ‘धास्ती बसणे’, ‘जीव घाबरा होणे’, ‘काळजात धस्स होणे’ या साऱ्या शब्दप्रयोगांत मन आणि शरीर वेगळे काढता येत नाहीत. धसका बसतो तो काळजात, आणि हाय तर खाल्लीच जाते. सिरोंचात घरोघरी तेलुगू बोलली जाते. तेलुगूत यासाठी ‘बेंग’ असा शब्द आहे. एखाद्याने बेंग घेतली म्हणजे तो जेवेनासा होतो, झुरत जातो. लोकभाषेच्या मृत्युनोंदवहीत हे कारण आहे, सरकारी नोंदवहीत नाही.

१३/
वैद्यकशास्त्राने या विषयाकडे वळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०६ मध्ये फ्रान्समधील कूर्येर येथील कोळसा खाणीत हजाराहून अधिक कामगार मेले. १९०८ मध्ये इटलीतील मेसिना भूकंपाने नष्ट झाले. एडुआर्ड श्टिअरलिन या स्विस मनोविकारतज्ज्ञाने दोन्हीकडच्या वाचलेल्यांचा अभ्यास केला. पुढे दोन महायुद्धे, व्हिएतनाम, आणि मग १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आघातोत्तर ताणविकार’ हे निदान मान्य केले. भारतात मोठ्या प्रमाणावर हे काम प्रथम झाले ते भोपाळनंतर, १९८४ च्या वायुकांडात, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या मदतीने. त्यापूर्वीच्या आपत्तींतील माणसांच्या मनाविषयी जे आहे ते आठवणींत, ओव्यांत आणि घरातल्या बोलण्यात.

१४/
महाराष्ट्राची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तीच या धाग्याचा मुख्य आधार. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लातूर-उस्मानाबाद भागातील माणसे दमून झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगड आणि मातीची जाड भिंतींची घरे माणसांवर कोसळली. मृतांचा आकडा सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या जवळपास, इतर अंदाजांनी दहा हजारांपर्यंत. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली.

१५/
त्यानंतर महाराष्ट्राने एक गोष्ट केली जी पूर्वी केली नव्हती: वाचलेल्यांच्या मनाचा शास्त्रीय पद्धतीने, काही वर्षे टिकेल असा अभ्यास. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या या प्रकल्पाचे प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे. होय, ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस साकारणारे तेच आगाशे, ते व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आणि पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक. रंगभूमीवरचा माणूस म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. किल्लारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये झालेले हे काम फार थोड्यांना ठाऊक आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी तर त्याकडे पाहिलेलेच नाही, कारण ते वैद्यकाच्या कपाटात ठेवलेले आहे.

१६/
किल्लारीने आणखी एक धडा दिला. माणसे दगडी घराला भिऊ लागली. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवले त्याच घराने मारले, म्हणून भिंत उभी असली तरी आत झोपायचे नाही, अंगणात किंवा पत्र्याखाली झोपायचे. नवी गावे आखली गेली ती सरळ रस्ते आणि सारखे भूखंड अशी. जुन्या गावातील गल्ली, वाडा, पार, शेजार यांची वीण त्या आखणीत कोठे बसणार? अनाथ आणि आधार गमावलेली सुमारे १,२०० मुले भारतीय जैन संघटनेने पुण्यास शिकायला आणली. मुलांचे आयुष्य घडले, हे निर्विवाद. पण गाव, घर, भाषा आणि आईबाप एकाच पहाटे सुटणे म्हणजे काय, हे त्या मुलांनी पन्नाशीत पोहोचताना सांगायचे आहे आणि कोणीतरी ते लिहून घ्यायचे आहे.

१७/
याच काळाच्या थोडे आधी अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन यांनी अशाच एका ठिकाणी काम केले होते. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक खोऱ्यात कोळसा कंपनीने टाकाऊ मालाने बांधलेला बांध फुटला. १२५ माणसे मेली, सुमारे चार हजार बेघर झाली. सरकारने तात्पुरती घरे दिली, परंतु देताना शेजार पाहिला नाही. जो आला त्याला पुढचे घर. एरिक्सन यांनी दोन प्रकारच्या आघातांमध्ये भेद केला: एक माणसाच्या मनावर होणारा, दुसरा माणसांना एकमेकांशी बांधणाऱ्या धाग्यांवर होणारा. दुसरा हळूहळू होतो. तो झाला आहे हे खुद्द त्या माणसांनाही उशिरा कळते.

१८/
बफेलो क्रीकमध्ये कंपनीने पूर ही ‘देवाची करणी’ ठरवली होती. येथे सिरोंचाकडे परत यावे लागते. महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात ऑगस्ट २०१६ मध्ये मेडीगड्ड्याविषयी करार झाला. पाणीपातळी १०० मीटर ठरली. २१ जून २०१९ रोजी काळेश्वरम प्रकल्पाचे उद्घाटन झाले. सिरोंचाच्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, तेव्हापासून पाणी पूर्वीसारखे उतरत नाही, फुगवटा शेतात थांबतो, काठ खचतो. २०२२ च्या पुरानंतर बाधित गावांतील शेतकरी भूसंपादनाच्या मागणीसाठी उपोषणाला बसले. दुसरी बाजू अशी की, त्या जुलैत पाऊसच अपवादात्मक होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले, पाणी सोडून द्यावे लागले आणि प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले.

१९/
प्रामाणिकपणे पाहता १९८६ चा पूर २०२२ पेक्षा मोठा होता आणि तेव्हा मेडीगड्डा नव्हता. बंधारा नसता तर २०२२ मध्ये सिरोंचा कोरडे राहिले असते असे कोणी म्हणत असेल तर ते इतिहासाला धरून नाही. किती पाणी नदीचे आणि किती बंधाऱ्याचे, हा जलशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो मोजून सुटेल. परंतु वाचलेल्या माणसाच्या मनापुरता फरक निश्चित पडला आहे. १९८६ मध्ये राग धरायला समोर फक्त नदी होती, आणि नदी तर माय. तिची ओटी भरायची आणि पुन्हा पेरायचे. २०२२ मध्ये समोर दोन राज्ये, एक प्रकल्प, एक मोजणी खाते, एक तारीख आणि मग दुसरी तारीख. नदीवर रुसता येते, तिच्याविरुद्ध अर्ज करता येत नाही. अर्ज केला की वाट पाहणे आले. आपत्तीनंतरच्या खचण्यात या वाट पाहण्याचा वाटा किती, याचे उत्तर पुराच्या पातळीत मिळणार नाही.

२०/
शिवाय हा पूर परतणारा आहे. भूकंप एकदा येतो आणि जातो, निदान माणसाच्या आयुष्यात. सिरोंचात मृग लागला की वाट सुरू होते. दुसऱ्या तिसऱ्या जिल्ह्यातील धरणाची दारे उघडल्याची बातमी मोबाइलवर येते आणि येथे आभाळ निरभ्र असताना सामान माळ्यावर चढते. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास शेजारच्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ क्षमतेचा भूकंप झाला, त्याचे हादरे सिरोंचापर्यंत जाणवले. हानी झाली नाही. पण पायाखालची जमीन हलणे हे भीतीच्या यादीत आणखी एक नाव.

२१/
येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला: जेथे रस्ता नाही, डॉक्टर नाही, पिकाचे पैसे वेळेवर नाहीत, तेथे मनाच्या गोष्टी म्हणजे शहरी चोचले. याचे उत्तर ब्रिस्टलच्या आकड्यांतच आहे. मन आणि शरीर यांचा हिशेब वेगळा ठेवला म्हणूनच मृत्यू हिशेबातून निसटले. शिवाय पिकाचे पैसे वेळेवर मिळणे हाच अनेकदा मनावरचा पहिला उपचार असतो. त्यात अंतर्विरोध नाही.

२२/
दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: अमेरिकी युद्धांतून जन्मलेले निदान माडिया, तेलुगू, मराठी माणसावर का चिकटवायचे? हा आक्षेप बराचसा खरा आहे. छापील प्रश्नावली घेऊन ‘तुम्हाला भयाण स्वप्ने पडतात का?’ असे मराठीत विचारले आणि समोरच्या आजीला फक्त माडिया येत असेल, तर उत्तर ‘नाही’ असेच लिहिले जाणार. ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे पुरानंतर तीन महिन्यांनी, केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. मराठी वा तेलुगू बोलणाऱ्यास ती उपयोगी पडू शकते. त्या आजीने कोणत्या भाषेत बोलायचे? म्हणून निदान बाहेरून आणण्याआधी येथील शब्द गोळा व्हायला हवेत: हाय, धसका, बेंग, आणि माडियात जे काही असेल ते. भाषाशास्त्राचे आणि इतिहासाचे विद्यार्थी हे काम डॉक्टरांपेक्षा बरे करतील.

२३/
‘हाय खाल्ली’ हे मृत्यूचे कारण सरकारी कागदावर येऊ शकते का? आलेले आहे, जपानमध्ये. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तात्पुरत्या वसाहतींत एकट्या पडलेल्या वृद्धांचे मृत्यू होऊ लागले. दोनशेहून अधिक माणसे अशी कोणाच्या नकळत गेली. त्या काळापासून तेथे ‘आपत्तीसंबंधित मृत्यू’ ही नोंद रूढ झाली. आपत्तीत जखम झाली नाही, पण स्थलांतराने, उपचार तुटल्याने, खचून जाऊन मृत्यू आला, असे समितीने मान्य केले तर कुटुंबास सांत्वननिधी मिळतो. मार्च २०११ च्या आपत्तीनंतर फुकुशिमा प्रांतात अशा मृत्यूंची संख्या २,३०० च्या वर गेली. त्सुनामी आणि भूकंपाने तेथे थेट मेलेल्यांपेक्षा ती अधिक आहे. रकाना होता म्हणून आकडा आहे. रकाना नसता तर ती सारी म्हातारी माणसे न्यूमोनियाने गेली असती.

२४/
भारतात कागद अगदीच कोरा नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्येच मनोसामाजिक आधाराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. मार्गदर्शक सूचना आणि पंचनाम्याचा नमुना यांत फरक इतकाच की, एक दिल्लीच्या कपाटात असते आणि दुसरा तलाठ्याच्या पिशवीत. म्हणून मागणी पिशवीतल्या कागदाविषयी असावी. पंचनाम्याच्या सहा महिन्यांनी दुसरी भेट. घरात तेव्हापासून कोणाचा मृत्यू, कोणाचे औषध तुटले, कोण घर सोडून गेले, कोण अजून घरात झोपत नाही, एवढे चार प्रश्न. ही भेट आशा कार्यकर्ती करू शकते, कारण तिला घरचे माणूस म्हणून आत घेतात आणि ती त्या घराची भाषा बोलते. अर्थात तिला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. फुकटचे काम तिच्या गळ्यात घालायला यंत्रणा नेहमीच तत्पर असते.

२५/
हे होईल तेव्हा होईल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. १९८६ मध्ये जी माणसे वीस वर्षांची होती ती आज साठीच्या घरात आहेत. जी तेव्हा चाळिशीत होती त्यांच्यापैकी फार थोडी उरली आहेत. त्यांच्या आठवणी तेलुगूत, मराठीत, माडियात आहेत आणि ध्वनिमुद्रणाला एक साधा मोबाइल पुरतो. नदीकाठच्या एका गावातील दहा घरे घेतली तरी पुरे. परवानगी घ्यावी, नावे छापू नयेत, बोलणारा थांबला तर रेटू नये. आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते हा प्रश्न शेवटी विचारावा, कारण त्याचे उत्तर दप्तरात आहे. सुरुवात अशी करावी: पूर उतरल्यावर घरात पहिल्यांदा कधी झोपलात, आणि झोप लागली का?